जाब कोणाला विचारायचा?
महाराष्ट्रातील शहरांमधले प्रशासकराज आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

राजकीय नेत्यांविषयीची चीड महाराष्ट्रात आज इतकी सार्वत्रिक झाली आहे की ती सिद्ध करण्यासाठी कोणत्याही पाहणीची गरज उरलेली नाही. ‘सगळे एकाच माळेचे मणी’, ‘निवडणुकीपुरते हात जोडतात आणि मग पाच वर्षे तोंड दाखवत नाहीत’, ‘सामान्य माणसाला कुणी वाली नाही’ ही वाक्ये पक्ष, जात आणि उत्पन्न यांच्या सीमा ओलांडून सर्वत्र ऐकू येतात, आणि ती बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या संतापाचे कारण नेत्यांच्या चारित्र्यात सापडते. नेते लोभी आहेत, खोटे बोलतात, पक्ष बदलतात, म्हणून कारभार बिघडला, असा या तर्काचा रोख असतो. तो निराधार नाही. परंतु अपुरा आहे. शंभर वर्षांपूर्वीही सत्ताधारी माणसेच होती आणि पुढेही माणसेच असणार आहेत. त्यामुळे त्यांच्या सज्जनपणावर विसंबून न राहता त्यांना उत्तर देणे भाग पाडणारी रचना शाबूत आहे की नाही, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो.

उत्तरदायित्व म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने आपल्या निर्णयाचे कारण जाहीरपणे सांगण्याचे आणि ते कारण लोकांना न पटल्यास त्याचा परिणाम सोसण्याचे बंधन. हे बंधन हवेत राहत नाही. ते तीन गोष्टींवर उभे असते. सत्ताधाऱ्याला लोकांसमोर पुन्हा उभे राहावे लागेल अशी ठरलेली मुदत, तोपर्यंत त्याला प्रश्न विचारता येतील आणि ज्याची नोंद राहील असे सभागृह, आणि प्रत्येक निर्णयावर ज्याचे बोट ठेवता येईल असे एक नाव. यांपैकी एक जरी निखळली तरी बंधन सैल होते, आणि तिन्ही एकाच वेळी निखळल्या तर लोकांच्या संतापाला दिशाच उरत नाही. २०२० ते २०२६ या काळात महाराष्ट्रातील शहरांमध्ये नेमके हेच घडले. टप्प्याटप्प्याने राज्यातील सर्व महानगरपालिकांचा कारभार लोकनियुक्त सभागृहाशिवाय चालला आणि तो कोणत्याही बंडामुळे, युद्धामुळे किंवा घटनादुरुस्तीमुळे नव्हे, तर तारखांमागून तारखा पडत गेल्यामुळे. लोकांच्या राजकारणावरील रागाचा विचार करताना या कालखंडाचा अभ्यास टाळता येणार नाही.

घटनेने घातलेली मुदत

१९९२ मध्ये संसदेने संमत केलेल्या आणि १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिका यांना प्रथमच घटनात्मक दर्जा दिला. त्याआधी स्थानिक स्वराज्य संस्था, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या लोकनियुक्त संस्था, राज्य सरकारच्या मर्जीवर जगत असत. सरकारच्या मनात आले की त्या बरखास्त होत आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबणीवर पडत. ही मर्जी संपवण्यासाठीच घटनेत २४३-यू हे कलम आले. त्यानुसार प्रत्येक नगरपालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे आणि त्याहून अधिक नाही; नवी निवडणूक ही मुदत संपण्याआधी पूर्ण झाली पाहिजे, आणि संस्था मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत. निवडणुकांची देखरेख सरकारच्या हाती राहू नये म्हणून प्रत्येक राज्यात स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाची तरतूद झाली आणि महाराष्ट्रात असा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. अहमदाबाद महानगरपालिकेच्या लांबलेल्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने २००६ मध्ये ही मुदत बंधनकारक असल्याचे आणि मानवनिर्मित अडचणींच्या सबबीवर निवडणूक पुढे ढकलता येणार नसल्याचे स्पष्ट केले.

इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिलेली तरतूद महाराष्ट्रात कशी बाजूला पडली हे पाहण्यासारखे आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली आणि कोल्हापूर या महानगरपालिकांची मुदत २०२० मध्येच संपली. तेव्हा करोनाची साथ होती आणि काही महिन्यांचा विलंब समजण्याजोगा होता. मात्र केरळने त्याच साथीत, डिसेंबर २०२० मध्ये, आपल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका पार पाडल्या हेही विसरता येत नाही. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी आणि पुण्याची त्यानंतर आठवडाभरात संपली. नाशिक, नागपूर, ठाणे, सोलापूर अशी एकामागून एक शहरे त्याच वाटेने गेली, बहुतेक जिल्हा परिषदांचेही तेच झाले, आणि २०२३च्या अखेरीस अहमदनगर व धुळे यांचीही मुदत संपली तेव्हा राज्यात लोकनियुक्त सभागृह असलेली एकही महानगरपालिका उरली नव्हती. नव्याने महानगरपालिका झालेल्या इचलकरंजी आणि जालना या शहरांच्या नव्या संस्थेचा तर जन्मच प्रशासकाच्या हाताखाली झाला. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मुंबईत तोवर जवळपास चार वर्षे, तर नवी मुंबई व संभाजीनगरमध्ये साडेपाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. या दोन शहरांत तर हा काळ एका संपूर्ण मुदतीहूनही मोठा होता.

विलंब कसा घडला

या विलंबाचे दर्शनी कारण इतर मागासवर्गाचे, म्हणजे ओबीसींचे, राजकीय आरक्षण हे होते. स्थानिक संस्थांमध्ये ओबीसींना २७ टक्के जागा देणारी तरतूद महाराष्ट्रात १९९०च्या दशकापासून होती. २०१० मध्ये कृष्णमूर्ती खटल्यात घटनापीठाने असे आरक्षण वैध ठरवले, परंतु ते राजकीय मागासलेपणाच्या प्रत्यक्ष माहितीवर आधारलेले असावे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर जाऊ नये असेही बजावले. यालाच पुढे ‘तिहेरी चाचणी’ असे नाव मिळाले: स्वतंत्र आयोगाने माहिती गोळा करणे, तिच्या आधारे संस्थानिहाय प्रमाण ठरवणे, आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणे. या निकालानंतर महाराष्ट्रात काँग्रेस-राष्ट्रवादीचे, मग भाजप-शिवसेनेचे आणि त्यानंतर महाविकास आघाडीचे सरकार होते. परंतु अकरा वर्षांत कोणत्याही सरकारने ही माहिती गोळा करण्याचे काम तडीस नेले नाही. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी खटल्यात न्यायालयाने त्याच कारणावरून आरक्षणाला कात्री लावली तेव्हा सर्व पक्षांनी एकमेकांवर आरोप केले. ओबीसी समाजाचा प्रतिनिधित्वाचा दावा न्याय्य होता आणि आहे. तो टिकवण्यासाठी लागणारा कागद तयार न करणाऱ्यांची चूक मात्र त्या समाजाच्या आणि साऱ्या मतदारांच्या माथी मारली गेली.

त्यानंतरचा घटनाक्रम गुंतागुंतीचा आहे, पण त्यातील सूत्र एकच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून आरक्षण परत आणले, डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मार्च २०२२ मध्ये, मुंबईची मुदत संपत असतानाच, विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारे विधेयक एकमताने संमत केले. प्रभागरचना म्हणजे शहराची मतदारसंघांत विभागणी. ती कोणाच्या हाती आहे यावर निवडणूक कधी होणार हेच नव्हे, तर ती कोणाला सोपी जाणार हेही काही अंशी ठरते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे या एका प्रश्नावर एकमत झाले, याची नोंद मतदारांनी ठेवावी अशी आहे. ४ मे २०२२ रोजी न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात मध्य प्रदेशाच्या प्रकरणात प्रभागरचना किंवा तिहेरी चाचणी अपुरी राहिली म्हणून निवडणूक रोखता येणार नाही, असे सर्व राज्यांसाठी सांगितले. जुलैमध्ये ओबीसींची माहिती गोळा करण्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आल्यावर आरक्षणाची वाटही मोकळी झाली. परंतु तोवर राज्यात सत्तांतर झाले होते. आधीच्या सरकारने मुंबईतील जागा २२७ वरून २३६ केल्या होत्या, नव्या सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये त्या पुन्हा २२७ केल्या, तो बदल न्यायालयात गेला आणि ‘जैसे थे’चा आदेश झाला. पुढची जवळपास तीन वर्षे सुनावणी पुढे पुढे जात राहिली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ पूर्वीच्या स्थितीनुसार ओबीसी आरक्षण ठेवून चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले, सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घातली, आणि मगच यंत्रणा हलली.

या साऱ्यात एकही पाऊल उघडपणे लोकशाहीविरोधी म्हणून टाकले गेले नाही. प्रत्येक टप्प्यावर काही ना काही कारण होते आणि सुटे पाहिले तर प्रत्येक कारण थोडेफार पटणारे होते. परंतु विलंबाचा फायदा ज्यांना होत होता त्यांनाच विलंब संपवण्याचे काम दिलेले होते, आणि निवडणूक वेळेवर न घेतल्याबद्दल कोणालाही कसलाही दंड नव्हता. ज्या नियमाच्या भंगाचा परिणाम कोणालाच भोगावा लागत नाही तो नियम घटनेत असूनही सल्ल्यापुरताच उरतो.

सभागृह नसलेले शहर

मुदत संपली की महाराष्ट्रात प्रशासक नेमला जातो. हा प्रशासक व्यवहारात महापालिकेचा आयुक्तच असतो, म्हणजे राज्य सरकारने नेमलेला आणि राज्य सरकार केव्हाही बदलू शकेल असा, बहुधा भारतीय प्रशासन सेवेतील, अधिकारी. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८च्या कायद्यात अशा प्रसंगी प्रशासक नेमण्याची सोय नव्हती म्हणून २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली आणि आयुक्त इक्बालसिंह चहल हेच ८ मार्चपासून प्रशासक झाले. २०२४ मध्ये त्यांच्या जागी भूषण गगराणी आले. याआधी मुंबईत प्रशासक होता तो १९८४-८५ मध्ये आणि तोही वर्षभराच्या आसपास. येथे कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीचा प्रश्न नाही. प्रश्न असा की, एकाच खुर्चीत दोन पदे बसली तर त्या दोघांमधला संवाद कोण ऐकणार.

हा संवाद एरवी कसा होतो हे एका प्रस्तावाच्या प्रवासावरून समजते. रस्त्याच्या कामाचे मोठे कंत्राट द्यायचे असेल तर आयुक्तांकडून प्रस्ताव स्थायी समितीकडे जातो. स्थायी समिती म्हणजे महापालिकेच्या तिजोरीवर लक्ष ठेवणारी नगरसेवकांची समिती, जिच्यात पक्षांना त्यांच्या संख्याबळानुसार जागा मिळतात, म्हणजे विरोधी पक्षही असतोच. बैठकीआधी विषयपत्रिका सदस्यांच्या हाती पडते, तिच्यातला मजकूर वार्ताहरांपर्यंत पोहोचतो, अंदाजापेक्षा कंत्राटाची रक्कम इतकी वर का गेली, याच कंत्राटदाराला गेल्या वर्षी दंड झाला होता त्याचे काय झाले, असे प्रश्न तयार होतात. बैठकीत सदस्य उपसूचना मांडतात, प्रस्ताव राखून ठेवायला लावतात, कधी फेरविचारासाठी परत पाठवतात, कधी तो दफ्तरी दाखल करतात. प्रशासनाच्या अधिकाऱ्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि कोण काय बोलले, कोणी विरोध केला, याची इतिवृत्तात नोंद होते. बहुतेक प्रस्ताव शेवटी मंजूरच होतात हे खरे. पण मंजुरीपूर्वी ते उजेडात येतात आणि मंजूर करणाऱ्यांची नावे कागदावर राहतात.

प्रशासकाच्या काळात हा सारा प्रवास एका फाइलपुरता आखूड झाला. आयुक्त म्हणून केलेली शिफारस आणि स्थायी समिती व सर्वसाधारण सभेच्या वतीने दिलेली मंजुरी एकाच पदाच्या सहीने होऊ लागली. महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक, जो आपला अहवाल स्थायी समितीला देतो, तोही आता ज्याचा खर्च तपासायचा त्याच पदाकडे अहवाल देऊ लागला. अर्थसंकल्प प्रशासनाने तयार केला, प्रशासकाला सादर केला आणि प्रशासकानेच संमत केला. मुंबईपुरते बोलायचे तर २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ या तीन वर्षांचे अर्थसंकल्प अनुक्रमे सुमारे ५२,६१९ कोटी, ५९,९५४ कोटी आणि ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. म्हणजे १ लाख ८७ हजार कोटी रुपयांच्या अंदाजित खर्चावर एकाही निवडून आलेल्या प्रतिनिधीला सभागृहात तोंड उघडता आले नाही. याच काळात शहरभर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची हजारो कोटींची कंत्राटे दिली गेली आणि त्यांवरची चर्चा पत्रकार परिषदा व समाजमाध्यमे यांपुरती राहिली. नगरसेवक नसल्याने विकासनिधीची मागणी आमदार आणि पालकमंत्री यांच्यामार्फत होऊ लागली, उपनगर जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांचे कार्यालय २०२३ मध्ये थेट महापालिका मुख्यालयात सुरू झाले, आणि विरोधी पक्षांच्या आमदारांनी आपल्या मतदारसंघांना निधी मिळत नसल्याची तक्रार वारंवार केली. स्थानिक स्वराज्याचा अधिकार अशा रीतीने न बोलता मंत्रालयाकडे सरकला.

सभागृहातील एका मताचेही मोल किती असते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून खर्च करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी एकट्याने विरोध केला आणि हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा अशी भूमिका घेतली, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. प्रस्ताव मंजूर झाला तरी विरोध नोंदला गेला, आणि आज सुमारे दीडशे वर्षांनी तोच विरोध लोकांच्या स्मरणात आहे. प्रशासकाच्या दालनात असा विरोध नोंदवण्यासाठी जागाच नसते.

जबाबदारीची टोलवाटोलवी

१३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात मुंबईतील घाटकोपर येथे एक महाकाय जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि त्याखाली सापडून १७ जणांचा मृत्यू झाला. फलक १२० फूट लांब व तितकाच उंच होता, तर महापालिकेच्या नियमांनुसार कमाल मर्यादा प्रत्येकी ४० फुटांची होती. एवढा फलक रातोरात उभा राहत नाही आणि हमरस्त्यालगत असल्यामुळे तो सर्वांना दिसत होता. दुर्घटनेनंतर महापालिकेने सांगितले की फलकाला तिची परवानगी नव्हती; जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली आणि परवानगी त्यांनी दिलेली; त्या जागेवर महापालिकेचे नियम लागू होतात की नाही यावर दोन यंत्रणांचा जुना वाद. पुढे माजी न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचे निलंबन झाले, जाहिरात कंपनीच्या चालकाला अटक झाली.

चौकशी आणि अटक ही दुर्घटनेनंतरची जबाबदारी होय. तिच्याआधीची जबाबदारी वेगळी असते आणि तीच जीव वाचवते. प्रभागातील नगरसेवकाने ‘हा फलक कोणाच्या परवानगीने उभा आहे’ असा लेखी प्रश्न विचारला असता तर प्रशासनाला कागदावर उत्तर द्यावे लागले असते, आणि ‘आमच्या अखत्यारीत येत नाही’ हे उत्तर असले तरी ते दुर्घटनेपूर्वी जाहीर झाले असते. नगरसेवक असते तर त्यांनी हा प्रश्न विचारलाच असता, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण विचारण्याचे ज्याचे काम होते असा माणूस त्या दिवशी मुंबईत कायद्याने अस्तित्वातच नव्हता.

त्याच वर्षी २५ जुलै रोजी पुण्यात खडकवासला धरणातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या घरांत शिरले, तेव्हा पाण्याचा विसर्ग जलसंपदा विभागाच्या हाती, इशारा देण्याचे काम जिल्हा प्रशासन व महापालिकेचे आणि नदीपात्रातील भरावाला जबाबदार नेमके कोण हे अनिश्चित, अशी स्थिती होती. पूर ओसरल्यावर चिखल काढणाऱ्या रहिवाशांना जाब विचारायला मिळाले ते माजी नगरसेवक, ज्यांच्याकडे ना अधिकार होता ना सभागृह. गेल्या काही वर्षांत शहरांतील असंख्य माणसांचा अनुभव असाच आहे. वॉर्ड ऑफिसात ‘साहेब मीटिंगला आहेत’, वर विचारले तर ‘आदेश नाहीत’, आणि माजी नगरसेवकाकडे गेले तर ‘आमच्या हातात आता काही नाही’. प्रत्येक उत्तर त्याच्यापुरते खरे असते, म्हणूनच त्यातून येणारी हतबलता अधिक तीव्र असते.

एका प्रभागात चार जण

निवडणुका झाल्या की हा प्रश्न आपोआप सुटेल, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. मुंबई वगळता महाराष्ट्रातील महानगरपालिकांत बहुसदस्यीय प्रभागपद्धती आहे, म्हणजे एका प्रभागातून तीन-चार नगरसेवक निवडून येतात आणि मतदाराला प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यावे लागते. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले जातात. २०११च्या जनगणनेचे जुने आकडे धरले तरी एका प्रभागाची सरासरी लोकसंख्या ८० हजारांच्या पुढे जाते. पुण्यातच २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये द्विसदस्यीय आणि २०१७ मध्ये चारसदस्यीय प्रभाग होते. मध्यंतरी तीनसदस्यीय प्रभागाचा निर्णय झाला आणि पुन्हा चार. सरकार बदलले की प्रभाग बदलतो, आणि प्रत्येक वेळी त्याचे समर्थन महिला व मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाच्या किंवा नियोजनाच्या भाषेत होते.

परिणाम मात्र स्पष्ट आहे. गटारीचे झाकण उघडे आहे म्हणून तक्रार घेऊन जाणाऱ्या माणसाला चार दारे असतात आणि चारही दारांवर पाचवे दार दाखवले जाते. काम झाले की चौघांचे फलक लागतात, न झाले की त्यातला कोणीही एकटा दोषी नसतो. पाच वर्षांनी मतदार शिक्षा द्यायला जातो तेव्हा कोणाला द्यायची हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून तो पक्षाच्या चिन्हाकडे पाहून मत देतो किंवा घरी बसतो. महापौराचे पदही या बाबतीत मदत करत नाही, कारण महाराष्ट्रात कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत आणि अडीच वर्षांचा महापौर सभेचा अध्यक्ष व शहराचा मानाचा प्रतिनिधी एवढाच असतो. १९९८ मध्ये मुंबईत महापौर परिषदेचा, म्हणजे महापौराला मंत्रिमंडळासारखे अधिकार देण्याचा प्रयोग झाला; तो वर्षभरात गुंडाळला गेला. ज्याला लोक ओळखतात त्याच्याकडे अधिकार नाहीत आणि ज्याच्याकडे अधिकार आहेत त्याला लोकांनी निवडलेले नाही, ही आपल्या शहरांची मूळ अडचण आहे.

‘प्रशासक बरा’ या मताविषयी

सुशिक्षित मध्यमवर्गात या काळात एक मत वारंवार ऐकू आले: नगरसेवक टक्केवारी घेतात, टपऱ्या व अनधिकृत बांधकामे पोसतात, सभागृहात राजदंड पळवतात, त्यापेक्षा प्रशासक बरा, कामे तरी पटापट होतात. या मतामागचा कंटाळा खरा आहे आणि नगरसेवकांच्या वागणुकीने तो ओढवून घेतलेला आहे. तरीही हे मत तपासून पाहिले पाहिजे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ‘कॅग’ने, मुंबई महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची तपासणी करून मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात निविदा न काढता दिलेली कामे, कराराविना चाललेली कामे असे गंभीर आक्षेप नोंदवले. हा अहवाल नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळाचा आहे, म्हणजे त्यात नगरसेवकांचीही राजवट आहे आणि प्रशासकाचीही. गैरव्यवहार रोखायला सभागृह पुरेसे नव्हते हे त्यातून दिसते. सभागृह नसल्याने तो थांबला असे मात्र कोठेही दिसत नाही.

शिवाय भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येते, आणि तसे मतदारांनी अनेकदा केलेही आहे. प्रशासकाच्या बाबतीत मतदाराच्या हाती काहीच नाही. त्याची बदली होते ती मंत्रालयाच्या किंवा निवडणूक आयोगाच्या आदेशाने. मुंबईत २०१२ मध्ये सुमारे ४५ टक्के, २०१७ मध्ये सुमारे ५५ टक्के आणि नऊ वर्षांच्या खंडानंतर २०२६ मध्ये सुमारे ५३ टक्के मतदान झाले. लोकांचा राजकारणावरचा विश्वास पूर्णपणे उडाला असता तर इतकी माणसे केंद्रावर आली नसती. त्यांचा राग मतदानावर नाही; मतदानानंतर काही बदलत नाही, या अनुभवावर आहे.

दोन निवडणुकांच्या मधला काळ

उत्तरदायित्वाची काही साधने निवडणुकीवर अवलंबून नाहीत आणि त्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने एके काळी देशाला वाट दाखवली आहे. लोकायुक्ताची संस्था प्रत्यक्षात आणणारे हे पहिले राज्य. १९७१च्या कायद्यानंतर १९७२ मध्ये येथे लोकायुक्त आले. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००३ मध्ये राज्याचा माहिती अधिकार कायदा झाला, केंद्राचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखले व परवाने ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. पुणे महापालिकेत तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी २००९ मध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अर्ज न करता फाइल पाहू देण्याची पद्धत सुरू केली, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने ती इतर कार्यालयांनाही सांगितली. कंत्राटाची मूळ फाइल समोर ठेवून मोजमापाची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचणारा नागरिक हा या साऱ्या साधनांचा खरा आधार आहे.

परंतु साधन असणे आणि ते चालते ठेवणे यांत अंतर आहे. माहिती आयोगाकडील प्रलंबित अपिलांची संख्या महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत एक लाखावर गेली, आणि देशात ती सर्वाधिक होती. आयुक्तांची पदे रिकामी राहतात, अपील दोन-तीन वर्षांनी सुनावणीस येते, तोवर ज्या कामाची माहिती मागितली ते काम, ते कंत्राट आणि कधी तो अधिकारीही बदललेला असतो. २००९ मध्ये महापालिका कायद्यांत क्षेत्र सभेची तरतूद झाली. क्षेत्र सभा म्हणजे मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांची नगरसेवकाने बोलवायची सभा, गावच्या ग्रामसभेचे शहरी रूप. ती बहुतांश शहरांत कागदावरच राहिली आणि आपल्याला असा हक्क आहे हे शहरी मतदाराला ठाऊकही नाही.

काय करता येईल

या अनुभवातून निघणारे धडे अवघड नाहीत. केरळात प्रभागरचना राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील आयोगाकडे असते आणि तेथे स्थानिक निवडणुका २०२० पाठोपाठ डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा वेळेवर झाल्या. उलट बंगळूरुत सप्टेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर आणि तामिळनाडूत २०१६ ते २०२२ या काळात शहरांनी महाराष्ट्रासारखाच अनुभव घेतला. म्हणजे हा रोग एका पक्षाचा वा एका राज्याचा नाही, आणि त्यावरचा उपायही देशातच उपलब्ध आहे. प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडे परत जावा. मुदत संपण्याच्या वर्षात प्रभागसंख्या वा पद्धत बदलण्यास कायद्याने मनाई असावी, आणि नवी रचना तयार नसेल तर जुन्या रचनेवर निवडणूक व्हावी. प्रशासकाचा काळ सहा महिन्यांपुरता मर्यादित असावा आणि त्या काळात मोठी कंत्राटे व करवाढ यांचे निर्णय जाहीर हरकती-सूचनांशिवाय होऊ नयेत. एका प्रभागाला एक नगरसेवक असावा, म्हणजे नाव निश्चित होईल. क्षेत्र सभा न घेणाऱ्या नगरसेवकाला त्याची किंमत मोजावी लागावी, आणि माहिती आयुक्ताचे पद रिकामे होण्याआधी भरण्याचे बंधन सरकारवर असावे.

यांपैकी एकाही मागणीसाठी सत्पुरुषांची वाट पाहावी लागत नाही. आणि या मागण्या नेते आपण होऊन मान्य करणार नाहीत, कारण २०२२च्या मार्चमध्ये त्यांनी विधिमंडळात एकमताने नेमकी उलट दिशा धरली होती. म्हणून काम मतदारांवरच येते. नेते वाईट आहेत, हे वाक्य एकमेकांना ऐकवण्याने नेत्यांचे काहीही बिघडत नाही. ते वाक्य त्यांना सोयीचेच आहे, कारण सर्वच वाईट असतील तर कोणा एकाला उत्तर द्यावे लागत नाही. ‘अमुक ठरावाला तुम्ही मत का दिले’, ‘क्षेत्र सभा कधी घेणार’, ‘निवडणूक लांबली तेव्हा तुमचा पक्ष न्यायालयात काय म्हणाला’ हे प्रश्न मात्र गैरसोयीचे असतात, कारण त्यांना नाव, तारीख आणि नोंद असते. महाराष्ट्रातील सभागृहे आता पुन्हा भरली आहेत आणि त्यांच्या पाच वर्षांची मुदत सुरू झाली आहे. ती संपण्याच्या दिवशी पुढची निवडणूक झालेली असेल की नाही, हे २०३१ मध्ये ठरणार नाही. तोपर्यंतच्या प्रत्येक अधिवेशनात आणि प्रत्येक प्रभागात लोक हे प्रश्न विचारतात की नाही यावर ते ठरेल.